‘झालंच’ म्हणजे नक्की काय झालं

इंजिनियर होऊन मी घरच्या फाउंड्रीत कामाला लागलो, तेव्हा आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मला पहिलं काम दिलं ते फोन उचलण्याचं.

फाउंड्री कोल्हापूरच्या एमआयडीसीत. पंपाचे आणि ट्रॅक्टरचे लोखंडी भाग आम्ही ओतायचो. वाळूचा साचा करायचा, भट्टीत लोखंड वितळवायचं, साच्यात ओतायचं, थंड झालं की साचा फोडायचा, माल घासायचा आणि गाडीत भरून पाठवायचा. हे सगळं वेळेवर झालं असतं तर फोन वाजायचं काही कारणच नव्हतं. त्यामुळं आमचा फोन दिवसभर वाजायचा.

पहिल्याच सकाळी पुण्याहून एका गिऱ्हाइकाच्या साहेबांचा फोन आला. ‘गाडी निघाली का?’ मी खिडकीतून बाहेर बघितलं. गाडी फाटकात उभी होती, ड्रायव्हर तिच्या सावलीत पोतं अंथरून झोपला होता, आणि ज्या मालासाठी फोन होता त्याचं लोखंड अजून भट्टीत लाल होत होतं. मी म्हटलं, ‘नाही साहेब, अजून वेळ आहे.’ आण्णांनी माझ्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला.

‘निघाली की सायेब! पोरगं नवीन हाय, त्याला म्हाईत न्हाय.’

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, ‘आण्णा, खोटं कशाला सांगितलंत?’

‘खोटं कुठलं? गाडी निघनार हाय का न्हाय?’

‘निघणार आहे.’

‘मग निघाली.’

आता यात आण्णांचं काही चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. आपण सगळेच असं बोलतो. आईनं जेवायला हाक मारली की आपण वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणतो, ‘आलो!’ मित्र दारात गाडीचा हॉर्न वाजवत असतो आणि आपण साबण लावताना न्हाणीतून ओरडतो, ‘निघालो!’ पाहुण्यानं चहाची आठवण केली की आतून उत्तर येतं, ‘झाला’, आणि मागोमाग स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येतो. यात कुणी कुणाला फसवत नसतं. पुण्याच्या साहेबांनाही सगळं ठाऊक होतं. ‘निघाली’ म्हटलं की ते उद्याचा दिवस धरायचे. आणि ‘निघालीच’ म्हटलं की परवाचा. तो ‘च’ म्हणजे खात्रीचा, असं व्याकरणाचे सर सांगत. आमच्या फाउंड्रीत ‘च’ लागला की काम अजून सुरूच व्हायचं असायचं.

तीन वर्षं मी ‘निघाली की’ म्हणत काढली. फोनशिवायचा वेळ मी साच्यांवर देखरेख करायचो, आणि माझं मन तिथं एक दिवसही रमलं नाही. उष्णता सोसायचो, वाळू दातात यायची ती थुंकायचो, पण साचा बघून माझ्या डोक्यात काही म्हणजे काही पेटायचं नाही. त्याच सुमाराला कोल्हापुरात जिकडं-तिकडं संगणकाचे क्लास निघाले होते. राजारामपुरीत एका बोळात वर दवाखाना, खाली चप्पलचं दुकान आणि मधल्या मजल्यावर ‘जावा’ या संगणकाच्या भाषेचा क्लास, अशी परिस्थिती होती. मीही संध्याकाळी एका डिप्लोमाला जायला लागलो. पहिला धड चालणारा प्रोग्राम लिहिला तो कास्टिंगचं, म्हणजे ओतलेल्या भागाचं, वजन काढायचा. तो चुकला की लगेच सांगायचा, कुठल्या ओळीत चुकलं ते सांगायचा, आणि आवाज न चढवता सांगायचा. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला यातलं शेवटचं फारच नवीन होतं. मी त्या यंत्राच्या प्रेमात पडलो, याला दुसरा शब्द नाही.

डिप्लोमाचे सर कधीकाळी हॉलंडमध्ये शिकलेले. त्यांच्या जुन्या ओळखीतल्या एका बाईंची तिथं छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती, आणि त्यांना सहा महिन्यांसाठी एक शिकाऊ माणूस हवा होता. सरांनी माझं नाव सुचवलं. सॉफ्टवेअर आपल्याला खरंच जमतं का, हे फाउंड्री न सोडता बघायची ही एकच संधी होती. मी रविवारी जेवताना विषय काढला.

आण्णांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला तो तसाच धरून ठेवला. मग म्हणाले, ‘जा. सहा म्हैनं बगून ये. जमलं तर तुझा तू मोकळा. न्हाय जमलं तर सरळ भट्टीवर यायचं आणि परत त्या कॉम्पुटरचं नाव काढायचं न्हाय. कबूल?’

‘कबूल,’ मी म्हटलं. आई म्हणाली, ‘तिकडं सूर्य मावळायच्या आत जेवत जा म्हणजे झालं.’ आम्ही जैन; आईच्या घरात दिवेलागणीनंतर चूल पेटली नव्हती आणि परदेशानं यात ढवळाढवळ करावी हे तिला मान्य नव्हतं.

गल्लीत मात्र एक घोटाळा झाला. ‘इंटर्नशिप’ हा शब्द तोवर कोल्हापुरात फक्त डॉक्टर वापरायचे. पोरगा इंटर्नशिपला परदेशी चालला म्हटल्यावर समोरच्या काकू गुडघ्याचा एक्स-रे घेऊन आल्या. मी म्हटलं, काकू, ही इंटर्नशिप वेगळी, संगणकाची. त्या म्हणाल्या, ‘आसंल की. पर बगाय काय जातंय?’ मी एक्स-रे उजेडाला धरून बघितला आणि जिने चढू नका म्हणून सांगितलं. त्यांना ते पटलं. माझ्या परदेशगमनाचा गल्लीला झालेला हा पहिला आणि शेवटचा फायदा.

मार्चमध्ये मी तिथं पोचलो. गाव लहान, सपाट आणि इतकं स्वच्छ की कुठं थुंकावं हा प्रश्न पडावा. एका जुन्या दूधडेअरीच्या इमारतीत कंपनी होती, सहा-सात माणसांची. मालकीण पन्नाशीच्या, सहा फूट उंच, भर पावसात सायकलवरून येणाऱ्या. मी इस्त्रीचा शर्ट आणि टाय घालून समोर उभा राहिलो. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, ‘टाय काढ. इथं कुणी मेलेलं नाही.’

परदेशी लोक फार गोड बोलतात, मनातलं कळू देत नाहीत, असं मला सगळ्यांनी सांगून पाठवलं होतं. हॉलंडमध्ये माझे पहिल्या आठवड्यात तीन जणांनी वाभाडे काढले. एकानं माझं इंग्रजी समजत नाही म्हणून सांगितलं, एकानं माझ्या डब्याचा वास येतो म्हणून सांगितलं, आणि घरमालकिणीनं मी न्हाणीत फार वेळ गातो आणि वाईट गातो हे सांगितलं. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. रंकाळ्यावर फिरायला गेलं तरी अनोळखी माणूस ‘काय पावणं, पोट लई सुटलंय’ म्हणणारच, अशा गावातला मी.

कंपनी वाहतूकवाल्यांसाठी प्रोग्राम बनवायची. कुणाची गाडी कुठं आहे, काय भरलंय, कधी पोचेल, हे सगळं पडद्यावर दिसायचं. आणि सहा महिन्यांसाठी माझ्या वाट्याला काम काय आलं? गाडी निघाली की नाही, हे दाखवणारा भाग. मी त्या संध्याकाळी खोलीवर जाऊन एकटाच हसत बसलो.

रोज सकाळी सगळ्यांनी भिंतीवरच्या फळ्यासमोर उभं राहायचं अशी तिथली पद्धत होती. फळ्यावर तीन रकाने: करायचंय, चालू आहे, झालं. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी. आपल्या चिठ्ठीचं काय झालं ते प्रत्येकानं एका वाक्यात सांगायचं. माझ्याकडं पहिली चिठ्ठी आली ती एका बटणाची. दुसऱ्या सकाळी बाईंनी विचारलं, ‘बटण?’

मी डोक्यात मराठीत म्हटलं, झालंच. तोंडातून इंग्रजीत आलं, ‘डन.’

बाईंनी चिठ्ठी उचलून ‘झालं’च्या रकान्यात चिकटवली. त्या दिवशी दुपारी कंपनीचा विक्रीचा माणूस एका गिऱ्हाइकाकडं गेला, दहा लोकांसमोर नवीन पडदा उघडला आणि म्हणाला, आता हे बटण बघा. बटण नव्हतंच. असणार कसं, मी नुकती फाईल उघडली होती. बटण कुठं असेल याचा मात्र मी अगदी बारकाईनं विचार केला होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला खुर्चीत बसवलं. ‘तू डन म्हणालास.’

‘हो.’

‘झालं नव्हतं.’

‘होणारच होतं.’

‘मग तू खोटं का बोललास?’

आण्णांना मी विचारलेला प्रश्न आता मलाच कुणीतरी विचारत होतं. मी समजावायचा प्रयत्न केला. म्हटलं, आमच्याकडं आई जेवायला बोलावते तेव्हा आम्ही म्हणतो ‘मी आलो’.

‘आणि तू आलेला असतोस?’

‘नाही. पुस्तक वाचत असतो.’

‘मग आई काय करते?’

‘आणखी दोनदा हाक मारते. तिला माहीत असतं.’

‘काय माहीत असतं?’

‘की मी आलेलो नाही.’

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘म्हणजे तू खोटं बोलतोस, ते आईला माहीत असतं, आणि दोघांचं बरं चाललेलं असतं?’

मी म्हटलं, हे खोटं नव्हे, हा आमचा भूतकाळ आहे. माझं हे वाक्य पुढं कितीतरी दिवस त्या ऑफिसात फिरत होतं. कुणी उशिरा आला की म्हणायचा, मी उशिरा आलो नाही, हा माझा भूतकाळ आहे.

बाई रागावल्या असतील असं मला वाटलं होतं. दुसऱ्या सकाळी फळ्यावर चौथा रकाना होता. ‘चालू आहे’ आणि ‘झालं’ यांच्या मध्ये, खडूनं जाड अक्षरात. बाईंनी आदल्या संध्याकाळी माझ्याकडून तो शब्द रोमन लिपीत लिहून घेतला होता: ‘झालंच’. पण डच माणूस शेवटचे ते सी आणि एच बघितले की घशातून खाकरतो. त्यामुळं सगळं ऑफिस त्याला ‘झालाख’ म्हणायला लागलं. सकाळी एकेक जण गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, माझं छपाईचं काम झालाख. त्यात गंमत अशी की तो रकाना माझ्यासाठी केला होता, पण आठवड्याभरात सगळ्यांत जास्त चिठ्ठ्या इतरांच्याच तिथं लागल्या. खिडकीजवळ बसणारा, चीज-पाव खाणारा वयस्क प्रोग्रामर मला म्हणाला, ‘वीस वर्षं मला हा शब्द हवा होता.’ मला उगाचच छाती फुगल्यासारखं वाटलं.

दर रविवारी मी घरी फोन करायचो. आधी आई. जूनमध्ये तिकडं सूर्य दहापर्यंत मावळत नाही. मी सांगितलं, ‘आई, काल साडेनऊला जेवलो, चांगलं ऊन होतं.’ ती म्हणाली, ‘परदेशात जाऊन नीट थापा मारायला तरी शिकायचंस.’ तिला शेवटपर्यंत ते खरं वाटलं नाही. मग फोन आण्णांकडं जायचा. त्यांचा प्रश्न एकच असायचा.

‘जमलं का?’

‘जमलंच,’ मी म्हणायचो.

 मग ते म्हणायचे, ‘म्हंजे आजून न्हाय.’ आणि फोन आईकडं द्यायचे. माझी सगळी भीती त्या एका प्रश्नात होती. जमलं नाही तर उरलेला जन्म त्या वाळूत काढायचा होता, आणि तेही तोंड मिटून.

मी जिवापाड काम करत होतो. पण जीव लावणं वेगळं आणि हात बसणं वेगळं. शेजारच्या टेबलावरचा माणूस दोन तासांत लिहायचा ते मला दोन दिवस लागायचं. मी लिहिलेलं वाचून तो सुस्कारा टाकायचा आणि काही न बोलता अर्धं पुसायचा. तरी तो गाडीचा भाग मी एकट्यानं पुरा केला. या वेळी ‘डन’ म्हणण्याआधी स्वतः तपासलं, शेजाऱ्याकडून तपासून घेतलं. चिठ्ठी शेवटच्या रकान्यात गेली आणि प्रोग्राम एका फुलांच्या वाहतूकवाल्याकडं बसवला गेला.

तिसऱ्याच दिवशी त्या वाहतूकवाल्याचा फोन आला. त्याची फुलं ज्या बाजारात जायची, तिथली माणसं सकाळपासून माल उतरवून घ्यायला उभी होती. पडद्यावर गाडी केव्हाच निघालेली दिसत होती आणि गाडीचा पत्ता नव्हता. शेवटी कुणीतरी फोन करून विचारलं, तर गाडी अजून गोदामातच, फुलं भरणं चालू. असं एका गाडीचं नाही, सगळ्याच गाड्यांचं. त्या वाहतूकवाल्याच्या सगळ्या गाड्या आमच्या प्रोग्रामनं भल्या सकाळी निघालेल्या दाखवल्या होत्या आणि एकही निघाली नव्हती.

बाई, तो वयस्क प्रोग्रामर आणि मी, तिघं माझी ओळनओळ वाचत बसलो. कुठं चूक सापडेना. प्रोग्राम बरोबर होता, मी जे सांगितलं तेच करत होता. मग बाईंचं बोट एका ओळीवर थांबलं.

‘हे कुणी ठरवलं? कागद छापले की गाडी निघाली?’

‘मी.’

‘का?’

मला प्रश्नच कळेना. म्हटलं, ‘मालाचे कागद तयार झाले, ड्रायव्हर आला, म्हणजे निघालीच की.’

तो ‘की’ मी मराठीतच म्हणालो. बाईंनी फळ्यावरच्या चौथ्या रकान्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. त्या हसायला लागल्या त्या थांबेचनात. तो वयस्क माणूस उठून बाहेर गेला आणि बाहेरूनही त्याचं हसणं ऐकू येत होतं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. बोलताना मी सुधारलो होतो, पण आण्णांचं व्याकरण मी थेट प्रोग्राममध्ये ओतलं होतं, आणि त्यापायी कुठल्याशा बाजारात लोक फुलांची वाट बघत ताटकळले होते.

हसून झाल्यावर बाईंनी मला त्या गोदामावर पाठवलं. गाडी नक्की कधी निघते ते डोळ्यांनी बघून ये, म्हणाल्या. मी फाटकाशी उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आलं की तीन वर्षं ‘निघाली’ सांगणाऱ्या मी एकदाही गाडी निघताना नीट बघितलेली नाही. कागद झाले, ड्रायव्हर बसला, मग उतरला, कॉफी प्यायला, कुणाशी तरी भांडला, परत बसला, इंजिन लावलं, बंद केलं, काहीतरी विसरला म्हणून आत गेला. यातल्या प्रत्येक टप्प्यावर मी मनातल्या मनात ‘निघाली’ म्हणत होतो. शेवटी मागची चाकं फाटकाच्या बाहेर पडली तेव्हा ती निघाली.

परत येऊन मी सगळं नव्यानं लिहिलं. फाटकावरच्या रखवालदारानं गाडी बाहेर पडली की एक कळ दाबायची, त्याआधी काही नाही. पहिल्या खेपेला चुकलं, दुसऱ्या खेपेलाही चुकलं. मग एका सकाळी मी ऑफिसात पडद्यासमोर बसलो होतो आणि एक गाडी हिरवी झाली, म्हणजे फाटकाबाहेर पडली. लगेच रखवालदाराला फोन लावला. तो म्हणाला, हो, आत्ताच गेली. मी खुर्चीतून उठून ओरडलो, ‘निघाली! निघाली!’ सगळे बघायला लागले. फाउंड्रीतून एवढ्या गाड्या गेल्या, मला कधी काही वाटलं नव्हतं. ही एक कुणाची तरी फुलांची गाडी गेली तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतका आनंद मला कशाचाच झाला नव्हता.

सप्टेंबर आला. जायच्या आदल्या दिवशी बाईंनी मला कॉफीला बसवलं. बिस्किटांचा डबा उघडला, मला एक दिलं आणि डबा बंद केला. मग त्यांच्या पद्धतीनं थेट विषयाला हात घातला.

‘तू चांगला प्रोग्रामर नाहीस,’ त्या म्हणाल्या. ‘वाईटही नाहीस. तू मधला आहेस. आणखी काही वर्षं केलंस तर बरा मधला होशील. मी तुला नोकरी देणार नाही, मला चांगले लागतात.’

माझं डोकं फिरलं. सहा महिने मर-मर मरून ‘मधला’? मी म्हटलं, हे गोड करून सांगता आलं नसतं का? त्या म्हणाल्या, ‘आलं असतं. पण मग तुला कळलं नसतं. आणि ती गाडी हिरवी झाली तेव्हा तू ओरडलास, ते मी बघितलंय. म्हणून तर खरं सांगतेय.’ मी बिस्कीट न खाता उठलो. दाराशी जाऊन परत आलो, बिस्कीट घेतलं आणि गेलो.

विमानात आणि पुढं एसटीत मी एकच घोकत होतो, आण्णांना काय सांगायचं. स्टँडवर ते स्कूटर घेऊन आले होते. बॅग पायाशी ठेवली, किक मारली आणि काहीच विचारलं नाही. तेच मला वाईट लक्षण वाटलं. घरी आईनं साडेपाचलाच ताट वाढलं. जेवतानाही ते पावसाचं, उसाचं, पंचगंगेच्या पाण्याचं बोलले. माझ्या विषयाला हात नाही.

सकाळी त्यांच्याबरोबर फाउंड्रीत गेलो. माझ्या खुर्चीत दाजी बसले होते, माझ्या बहिणीचे, आक्काचे यजमान. केसात वाळू, शर्टाला काजळी आणि चेहरा कसा फुललेला. उठून मला मिठी मारली आणि लगेच भट्टीकडं धावले, कारण तिथं काहीतरी ओतायचं होतं. मी त्या रिकाम्या खुर्चीकडं बघत उभा राहिलो. आण्णा मला बाहेर वाळूच्या ढिगाकडं घेऊन गेले.

‘काय म्हनली ती बाई?’

वाटेत तयार केलेल्या उत्तरांतलं एकही बाहेर आलं नाही. ‘मधला आहे म्हणाली. चांगला नाही, वाईट नाही. नोकरी दिली नाही.’

‘मधला?’

‘हो. फार तर बरा मधला होईन.’ माझा आवाज चढला. ‘म्हणजे जमलं नाही. तुम्ही म्हणाला होतात, नाही जमलं तर भट्टीवर यायचं. ठरल्याप्रमाणं आलोय. सांगा काय करू.’

आण्णांनी पायानं वाळू सारखी केली. ‘भट्टीवर नगो.’

‘नको म्हणजे?’

‘हितं तू मधलाबी न्हवतास रं.’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ते वाळूकडंच बघत बोलत होते. ‘तीन वर्सं बगतोय की. साचा वल्ला हाय का सुका, तुला हात लावून कळायचं न्हाय. तू तपासून गेलास की मिस्त्री परत सगळं तपासायचा. मीच सांगितलंतं त्यास्नी, पोराम्होरं कुनी बोलायचं न्हाय म्हनून.’

‘मग तो दम कशाला भरलात? भट्टीवर यायचं म्हणून?’

‘त्याबिगर जीव लावून शिकला असतास व्हय?’

मी भडकलो. बँकेच्या मॅनेजरला त्याच्या केबिनमध्ये ‘तुमची सही गिचमीड हाय’ म्हणणारा हा माणूस. व्याह्यांना भर पंगतीत जिलबी कच्ची आहे म्हणून सांगणारा. सहा फुटी परक्या बाईनं कॉफीचा कप संपायच्या आत जे तोंडावर सांगितलं, ते याला तीन वर्षांत सांगता आलं नाही?

‘माझी तीन वर्षं गेली, आण्णा,’ मी ओरडलो. ‘पहिल्याच महिन्यात का नाही सांगितलंत?’

‘कसं सांगू?’ आण्णा म्हणाले. ‘सांगितलं आसतं, तर तू गेला आसतास की.’

मला रडू आलं ते तसंच उभ्या उभ्या आलं. आण्णा पाठ फिरवून भट्टीकडं गेले, आणि मी त्याच महिन्यात पुण्याला गेलो, मधला प्रोग्रामर म्हणून.